बटण दाबले, सर्व्हो हलला नाही: विद्यार्थ्यांच्या रोबोटमधील दोष कसा शोधावा

बटण दाबले की रोबोटचा हात दोन बोटे वर उचलला जातो, थरथरतो आणि धपकन खाली येतो. दुसऱ्यांदा दाबले तर चिमटाच उघडतो, ज्याच्या बटणाला कोणी हातही लावलेला नसतो. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला पुढचा भागही ठाऊक असतो: कोणीतरी लॅपटॉप ओढून घेतो आणि प्रोग्रॅम बदलू लागतो. प्रोग्रॅम बदलायला पैसे पडत नाहीत, स्क्रू काढावे लागत नाहीत आणि जोडलेले काही उचकटावे लागत नाही, म्हणून सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावरच जातो. माझा अनुभव असा आहे की अशा तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ वीजपुरवठ्यात किंवा ग्राउंडच्या, म्हणजे सर्किटच्या सामाईक ऋण बाजूच्या, जोडणीत सापडते, आणि तिथला दोष न काढता प्रोग्रॅम बदलत राहिल्यास एका दोषाचे दोन होतात. म्हणून या लेखातील तपासणीचा क्रम मुद्दाम विजेपासून सुरू केला आहे आणि प्रोग्रॅम त्यात बराच मागे ठेवला आहे.

उदाहरणासाठी शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये किंवा पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पात हमखास दिसणारी मांडणी घेऊ. प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड आहे. सर्व्हो म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंत वळून तिथेच थांबणारी मोटर. चिमट्यासाठी एसजी-९० हा ९ ग्रॅमचा छोटा सर्व्हो आणि हात उचलण्यासाठी एमजी-९९६आर हा ५५ ग्रॅमचा, धातूच्या दातेरी चाकांचा मोठा सर्व्हो आहे. चार बटणे २, ३, ४ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर, तर दोन सर्व्हो ९ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर आहेत. बोर्ड किंवा सर्व्हो वेगळे असले तरी पद्धत हीच राहील, आकडे तेवढे बदलतील.

साखळी कशी जोडलेली असते

बटण आणि सर्व्हो यांच्यात थेट संबंध नसतो, ही गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. आपल्याकडे वायरच्या रिमोटवर डीपीडीटी, म्हणजे मोटरची दिशा उलटवू शकणारा, स्विच लावून डीसी मोटर थेट फिरवण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे, आणि त्या सवयीने काही विद्यार्थी बटण सर्व्होच्या लाल वायरमध्येच घालतात. तसे केल्यास बटण सोडताच सर्व्होची वीज तुटते, हात सैल पडतो आणि पुन्हा दाबल्यावर तो झटक्याने आधीच्या कोनाकडे धावतो. सर्व्होला वीज सतत हवी असते. कुठे जायचे ते त्याला तिसऱ्या, म्हणजे सिग्नलच्या वायरीतून कळते. या वायरीवर दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद येतो आणि त्याच्या लांबीवरून कोन ठरतो. ढोबळमानाने १ मिलिसेकंदाचा स्पंद म्हणजे एक टोक, १.५ मिलिसेकंद म्हणजे मध्य आणि २ मिलिसेकंद म्हणजे दुसरे टोक. आर्डुइनोची सर्व्हो लायब्ररी (सर्व्हो चालवणाऱ्या तयार आज्ञांचा संच) याहून रुंद, म्हणजे ५४४ ते २४०० मायक्रोसेकंदांची मर्यादा गृहीत धरते, आणि टोकाशी जाऊन सर्व्हो गुणगुणत राहण्याचे एक कारण तेच आहे.

म्हणजे साखळी अशी आहे: बटण, पिन, प्रोग्रॅम, सिग्नलची वायर, सर्व्होच्या आतील सर्किट, त्याची मोटर आणि दातेरी चाके, आणि शेवटी उचलायचे वजन. या सगळ्याला खालून वीज आणि ग्राउंड यांचा आधार असतो. दोष शोधायचा म्हणजे या साखळीचा एकेक दुवा सुटा करून तो एकटा चालतो का ते पाहायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर, पिन आणि प्रोग्रॅम एकदम बदलल्यावर रोबोट चालू झाला, तर दोष नेमका कशात होता ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा समोर उभा राहतो.

पहिली पायरी: वीजपुरवठा

प्रथम सर्व्होची लाल वायर कुठे जाते ते बोट ठेवून पाहावे. ती उनोच्या ५ व्होल्टच्या पिनेत जात असेल, तर बाकी काही तपासण्याआधी हीच जोडणी बदलावी. एसजी-९० अडकला की सुमारे ६०० ते ७०० मिलिअँपिअर विद्युतधारा ओढतो, तर एमजी-९९६आर ६ व्होल्टवर अडकला की २.५ अँपिअरपर्यंत जातो. बोर्ड यूएसबीवर चालत असताना त्याच्यावरचा संरक्षक फ्यूज ५०० मिलिअँपिअरचा असतो. एकटा एसजी-९० रिकामा फिरवायला तेवढी वीज पुरते, आणि त्यामुळेच टेबलावर सुटा चालणारा सर्व्हो रोबोटवर बसवला की का चालत नाही, हे कोडे पडते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ती बोर्डाच्या गोल जॅकमध्ये लावली की बोर्डावरचा रेग्युलेटर ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना उरलेले ४ व्होल्ट उष्णतेत घालवतो. सर्व्होने अर्धा अँपिअर जरी ओढला तरी त्या इवल्याशा चिपमध्ये २ वॅट उष्णता तयार होते, आणि ती तापून स्वतःला बंद करून घेते. मुळात ही बॅटरी एवढी विद्युतधारा देण्यासाठी बनवलेलीच नसते. तिसरी चूक चाकांच्या मोटरी चालवण्यासाठी लावलेल्या एल-२९८एन ड्रायव्हरच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून सर्व्हो चालवण्याची असते. त्या पट्टीवरचा रेग्युलेटरही छोटाच असतो, आणि मोठा सर्व्हो त्याला झेपत नाही.

आता वीज कमी पडून बोर्ड खरोखरच रीसेट, म्हणजे बंद होऊन पुन्हा सुरू, होतो आहे का, ते पाहण्याची एक सोपी युक्ती सांगतो. प्रोग्रॅमच्या सेटअप भागात १३ क्रमांकाच्या पिनेवरचा दिवा तीनदा लुकलुकवावा आणि सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या लॅपटॉपवरच्या खिडकीत, 'सुरू' हा शब्द छापावा. सेटअप फक्त बोर्ड सुरू होतानाच चालतो. त्यामुळे बटण दाबल्यावर दिवा पुन्हा तीनदा लुकलुकला किंवा 'सुरू' पुन्हा उमटले, तर वीज इतकी खाली आली होती की बोर्डाने मान टाकली आणि तो नव्याने जागा झाला, हे सिद्ध होते. एका शाळेत आठवीच्या मुलांनी तीन वेळा प्रोग्रॅम लिहून काढला होता आणि तिन्ही वेळा हात तसाच धपकन पडत होता. त्यांना ही भर घालायला लावली आणि सांगितले की या वेळी हाताकडे कोणी पाहू नये, सगळ्यांनी दिव्याकडे पाहावे. मुलीने बटण दाबले, हात उचलला, पडला, आणि दिवा टुक-टुक-टुक झाला. मग त्यांनी ते आपणहून दहा वेळा करून पाहिले. लॅपटॉप त्यानंतर बंदच झाला.

मल्टिमीटर असेल तर तो २० व्होल्ट डीसीवर ठेवून सर्व्होच्या प्लगपाशीच, लाल आणि तपकिरी वायरींमध्ये, हात हलत असताना मोजावे. बॅटरीच्या टोकांपाशी मोजून उपयोग नाही, कारण मधली पडझड तिथे दिसत नाही. मात्र साधा डिजिटल मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच वाचन घेतो, म्हणून क्षणभराचा खड्डा त्याच्या नजरेतून सुटतो. मीटरवर ४.९ दिसत असूनही दिवा लुकलुकत असेल, तर विश्वास दिव्यावर ठेवावा.

पेन्सिल सेल वापरणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. चार अल्कलाइन सेलांचे नवेपणी ६ व्होल्ट होतात. प्रत्येकाचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला तर चौघांचा ०.८ ओहम होतो. मोठ्या सर्व्होने २.५ अँपिअर ओढले की २ व्होल्ट सेलांच्या पोटातच खर्च होतात आणि सर्व्होपर्यंत ४ पोहोचतात. सेल जुने झाले की हा रोध वाढत जातो. त्यामुळे सकाळी चालणारा रोबोट दुपारी परीक्षकांसमोर का अडतो, याचे उत्तरही याच हिशेबात आहे. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल कागदावर ४.८ व्होल्टचेच असले, तरी त्यांचा अंतर्गत रोध कमी असल्याने या कामात ते सरस ठरतात.

टेबलावर चाचणी करताना मोबाइलचा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा जुना चार्जर आणि कापलेली यूएसबी केबल हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. केबल जाड आणि आखूड असावी एवढेच पाहावे. पॉवर बँकही चालते, पण भार कमी असला की ती काही वेळाने आपोआप बंद होते, आणि स्थिर उभ्या असलेल्या रोबोटच्या बाबतीत नेमके तेच घडते. फिरत्या रोबोटवर दोन १८६५० लिथियम सेल आणि व्होल्टेज खाली आणणारी एलएम-२५९६ची पट्टी ही जोडी बरी. दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट होतात, तेव्हा पट्टीवरचा पितळी स्क्रू फिरवून आणि मीटरवर पाहून ५ व्होल्ट आधी ठरवून घ्यावेत आणि मगच सर्व्हो जोडावा. क्रम उलटा झाला तर एसजी-९० जळतो. या पट्टीवर ३ अँपिअर लिहिलेले असले तरी सतत २ अँपिअरच्या पुढे ती चांगलीच तापते, म्हणून दोन मोठे सर्व्हो असतील तर पट्ट्याही दोन घ्याव्यात. लिथियम सेलांची उघडी टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. ती ठिणगी थट्टेवारी नेण्यासारखी नसते.

सर्व्होच्या प्लगजवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्टचा कपॅसिटर लावल्यास सुरुवातीचा झटका तो पुरवतो. त्याच्या अंगावर ज्या बाजूला फिकट पट्टा असतो ती बाजू ग्राउंडला जाते. उलटा लावल्यास तो फुगतो आणि फुटूही शकतो. मात्र कपॅसिटर हा अशक्त बॅटरीवरचा उपाय नव्हे; तो क्षणाचा खड्डा भरतो, पण मिनिटभर वजन धरून ठेवण्यासाठी लागणारी वीज त्याच्याकडे नसते.

दुसरी पायरी: ग्राउंड

सर्व्होला वेगळी वीज दिली की लगेच एक नवा दोष डोके वर काढतो. सर्व्होची बॅटरी वेगळी, बोर्ड यूएसबीवर, आणि दोघांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेलेच नाही. सिग्नलचा ५ व्होल्टचा स्पंद ग्राउंडच्या तुलनेत मोजला जातो. ज्याचे ग्राउंड वेगळे त्याला तो स्पंद स्पंद म्हणून दिसतच नाही. परिणामी सर्व्हो मुडद्यासारखा पडून राहतो किंवा मनाला येईल तसा थरथरतो, आणि वायरीला हात लावला की थरथर बदलते. हे लक्षण दिसले की बॅटरीच्या ऋण टोकापासून बोर्डाच्या ग्राउंडच्या पिनेपर्यंत एक वायर टाकावी. धन टोके मात्र एकत्र करू नयेत; सर्व्होच्या बॅटरीचे धन टोक फक्त सर्व्होकडे जावे.

मोठ्या, ८३० भोकांच्या ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचण्याच्या पाटीवर) आणखी एक खोच असते. त्याच्या कडेच्या लांब पट्ट्या काही ब्रेडबोर्डांवर मधोमध तुटलेल्या असतात, आणि तिथे लाल-निळी रेघही खंडित छापलेली दिसते. अर्ध्या भागात ग्राउंड आहे आणि उरलेल्या अर्ध्यात नाही, ही स्थिती नुसत्या नजरेला कळत नाही, म्हणून मीटर बीपवर ठेवून दोन टोकांमध्ये आवाज येतो का ते पाहावे. मोठ्या सर्व्होची वीज तर ब्रेडबोर्डमधून नेऊच नये, कारण त्याच्या आतल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा एवढ्या विद्युतधारेसाठी नसतात. स्क्रूचे टर्मिनल किंवा सोल्डर केलेला सांधा यांपैकी काहीतरी वापरावे.

तिसरी पायरी: सर्व्हो एकटा

आता बटणे बाजूला ठेवावीत, सर्व्होचा आडवा हात, ज्याला हॉर्न म्हणतात, तो काढून घ्यावा आणि आर्डुइनोच्या एक्झाम्पल्समधील सर्व्होखालचा 'स्वीप' हा तयार प्रोग्रॅम चढवावा. तो ९ क्रमांकाच्या पिनेवरचा सर्व्हो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत राहतो. हा प्रोग्रॅम आपण लिहिलेला नसल्यामुळे त्यात आपली चूक असू शकत नाही, आणि तपासणीच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा फायदा आहे.

सर्व्हो अजिबात हलला नाही तर आधी प्लगची दिशा पाहावी. एसजी-९० मध्ये तपकिरी वायर ग्राउंडची, लाल विजेची आणि नारिंगी सिग्नलची असते. लाल वायर मध्ये असल्याने उलटा घातलेला प्लग सहसा सर्व्हो जाळत नाही, फक्त निपचित ठेवतो. फिरताना मध्येच कर्रर्र असा आवाज येऊन दांडा जागच्या जागी घसरत असेल, तर आतील प्लॅस्टिकचे दाते झिजले आहेत आणि तो सर्व्हो बाद समजावा. हे दाते बहुतेकदा हाताने झिजवले जातात. वीज असताना दांडा बोटांनी पिळून पाहण्याचा मोह फार जणांना होतो, आणि तो टाळलेलाच बरा.

सर्व्हो थांबतच नाही, सतत गोल फिरत राहतो, असे असेल तर तो बिघडलेला नसून ३६० अंशांचा, म्हणजे अखंड फिरणारा प्रकार असण्याची शक्यता आहे. बाहेरून दोघे हुबेहूब सारखे दिसतात. या प्रकारात ९० ही आज्ञा मधला कोन न देता मोटर थांबवते, आणि ० व १८० या आज्ञा दोन दिशांचा पूर्ण वेग देतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात गर्दीत उभे राहून माल घेताना '१८० अंशांचाच द्या' हे तोंडाने सांगावे, म्हणजे घरी आल्यावर दुसरी फेरी पडत नाही.

दोन सर्व्होंपैकी एकच चालत नसेल तर त्यांच्या प्लगांची अदलाबदल करावी. दोष सर्व्होबरोबर दुसऱ्या पिनेवर गेला तर सर्व्हो दोषी. दोष जुन्या पिनेवरच राहिला तर वायर, पिन किंवा प्रोग्रॅम दोषी. मीटर नसतानाही करता येणारी ही तपासणी एका मिनिटात निम्मी साखळी संशयातून मोकळी करते.

चौथी पायरी: बटण एकटे

सर्व्हो काढून ठेवावेत आणि फक्त बटणे तपासावीत. ६ मिलिमीटरच्या छोट्या चौकोनी बटणाला चार पाय असले तरी त्यांच्या दोन जोड्या आतून कायम जोडलेल्या असतात. बटण ९० अंशांत फिरवून बसवले गेले की आपण वापरलेले दोन्ही पाय एकाच जोडीतले येतात आणि बटण कायम दाबलेलेच राहते. मीटरच्या बीपवर पाहावे: न दाबता आवाज आला तर जोडी चुकली आहे. मीटर नसेल तर समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, म्हणजे कर्णाच्या टोकांचे दोन पाय वापरावेत. ते कधीच एका जोडीतले नसतात.

मग चारही पिनांची वाचने सिरियल मॉनिटरवर छापणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहावा. बटण सोडलेले असताना ० आणि १ ची उलटसुलट रांगोळी उमटत असेल आणि वायरीजवळ बोट नेले की ती बदलत असेल, तर पिन अधांतरी आहे. म्हणजे बटण दाबल्यावर ती कशाला तरी जोडली जाते, पण सोडल्यावर कशालाच जोडलेली नसते आणि हवेतला गोंगाट वाचत बसते. न दाबलेल्या बटणाने चिमटा उघडण्याचे हे हमखास कारण आहे. उपाय सोपा आहे: बटणाचा एक पाय पिनेला आणि दुसरा ग्राउंडला जोडावा आणि प्रोग्रॅममध्ये पिन 'इनपुट पुलअप' अशी जाहीर करावी. त्यामुळे चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रोध तिला वरच्या पातळीला धरून ठेवतो. मात्र आता वाचन उलटे झाले, हे विसरू नये: सोडलेले बटण १ देते आणि दाबलेले ० देते.

बटणे मीटरभर लांब वायरच्या रिमोटवर असतील तर आतला रोध अपुरा पडतो आणि मोटरींचा गोंगाट वायरीत शिरतो. अशा वेळी पिनेपासून ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा बाहेरचा रोध लावावा आणि प्रत्येक बटणाची वायर ग्राउंडच्या वायरीबरोबर पीळ देऊन न्यावी. बटणांसाठी ० आणि १ या पिना वापरू नयेत, कारण त्या संगणकाशी बोलण्यासाठी राखलेल्या असतात. १३ क्रमांकाच्या पिनेला दिवा जोडलेला असल्यामुळे तीही शक्यतो टाळावी.

पाचवी पायरी: प्रोग्रॅम

इथपर्यंत सगळे बरोबर असेल तरच प्रोग्रॅम उघडावा. त्यात सापडणारे दोष ओळखीचे असतात.

सर्वांत बारीक चूक बरोबरच्या चिन्हाची. तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हे लागतात. एकच दिले तर ती तुलना न राहता नेमणूक होते. 'बटण लो आहे का' असे विचारण्याऐवजी 'बटण लो कर' असा अर्थ होतो, लो म्हणजे शून्य, आणि त्यामुळे ती अट कधीच खरी ठरत नाही. तीच चूक हायच्या बाबतीत केली तर अट कायम खरी राहते. अटीच्या कंसानंतर चुकून पडलेला अर्धविराम असाच घात करतो. संकलक (कंपायलर) यांपैकी कशावरही अडून बसत नाही.

'बटण उशिरा ऐकते' या तक्रारीमागे डिले, म्हणजे थांबून राहण्याची आज्ञा, असते. हात हळू फिरावा म्हणून प्रत्येक अंशानंतर १५ मिलिसेकंद थांबणारे आवर्तन लिहिले की १८० अंशांचा प्रवास २.७ सेकंदांचा होतो, आणि तेवढा वेळ बोर्ड कोणतेही बटण पाहत नाही. त्याऐवजी मिलिस या घड्याळाकडे पाहून, वेळ झाली असेल तर एकच अंश सरकावा आणि लगेच पुन्हा बटणे वाचावीत अशी रचना करावी. एक्झाम्पल्समधील 'ब्लिंक विदाऊट डिले' हा नमुना त्यासाठी पुरेसा आहे.

एकदा दाबल्यावर चिमटा उघडून लगेच मिटत असेल, तर बटणाचा पत्रा दाबताना काही मिलिसेकंद थडथडतो आणि बोर्ड त्याला अनेक दाब समजतो. 'डिबाउन्स' नमुन्यात ५० मिलिसेकंद स्थिर राहिलेले वाचनच खरे मानले आहे, आणि ती मर्यादा आपल्यालाही चालते. त्याच्या जोडीला, बटण दाबलेले असणे आणि बटण आत्ता दाबले जाणे यांत फरक करावा. हात उचलायला पहिले हवे, चिमटा उघड-मीट करायला दुसरे.

कोनाच्या चलाची, म्हणजे कोनाचा आकडा साठवणाऱ्या व्हेरिएबलची, गोष्ट मात्र निवांतपणे समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे दिसणारी लक्षणे थेट यांत्रिक दोषासारखी असतात. बटण दाबलेले असेपर्यंत कोनात एकेक मिळवत राहणारा प्रोग्रॅम १८० वर थांबत नाही. थांबते ती लायब्ररी. चल मात्र २५० पर्यंत गेलेला असतो. आता उलटे बटण दाबले की तो २५० वरून १८० पर्यंत उतरेपर्यंत हात ढिम्म राहतो, आणि विद्यार्थी म्हणतो की खाली जायचे बटण खराब आहे. बटण तसेच दाबून धरले आणि चल ५४४ पर्यंत पोहोचला तर आणखी मजा होते. ५४४ किंवा त्याहून मोठा आकडा लायब्ररी अंश न मानता मायक्रोसेकंद मानते, आणि ५४४ मायक्रोसेकंद म्हणजे ० अंश, म्हणून वर टेकलेला हात एकाएकी खाली कोसळतो. चल बाइट प्रकारचा (ज्यात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात) असेल तर ० मधून १ वजा होऊन २५५ होतात आणि हात तळातून थेट माथ्यावर उडी घेतो. कन्स्ट्रेन ही आज्ञा वापरून चल खऱ्या यांत्रिक मर्यादेत, समजा २० ते १५० मध्ये, बांधून ठेवला की हे तिन्ही दोष एकदम जातात.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. सर्व्हो लायब्ररी चालू असताना उनोवर ९ आणि १० या पिनांवरचे ॲनालॉगराइट (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी आज्ञा) बंद पडते, तेव्हा चाकांच्या वेगाच्या वायरी तिथे असतील तर त्या ३, ५, ६ किंवा ११ वर न्याव्यात आणि बटणे दुसरीकडे सरकवावीत. आणि वीज देताच हात झटक्याने मध्याकडे जात असेल, तर सर्व्हो पिनेला जोडणाऱ्या ॲटॅच या आज्ञेच्या आधी राइट या आज्ञेने सुरुवातीचा कोन लिहून ठेवावा.

सहावी पायरी: दांडा, स्क्रू आणि वजन

सुटा सर्व्हो चालतो, पण हात बसवला की अडतो, अशी स्थिती असेल तर वजनाचा हिशेब करावा. एसजी-९०चा बल-आघूर्ण ४.८ व्होल्टवर १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर आहे. याचा अर्थ १ सेंटिमीटरवर १.८ किलो, आणि १० सेंटिमीटर लांब हाताच्या टोकाशी फक्त १८० ग्रॅम. तेही सर्व्हो अडकण्याच्या बेतात असताना. रोजच्या वापराला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ६० ग्रॅम धरावेत. एमजी-९९६आर ४.८ व्होल्टवर ९.४ किलोग्रॅम-सेंटिमीटर देतो, तेव्हा १५ सेंटिमीटरच्या टोकाशी सुमारे ६२५ ग्रॅम येतात आणि वापरायला २०० ग्रॅम उरतात. त्यातून हाताच्या पट्टीचे आणि टोकावरच्या चिमट्याचे वजन आधी वजा होते. वजन बसत नसेल तर हात आखूड करावा किंवा मागच्या बाजूला रबरबँड अथवा प्रतिभार लावावा. मोठा सर्व्हो घेणे हा शेवटचा उपाय.

हॉर्न बसवताना आधी प्रोग्रॅमने सर्व्हो ९० वर न्यावा आणि मगच हॉर्न हवा त्या स्थितीत दाबावा. एसजी-९०च्या दांड्यावर वीस-एकवीस दाते असल्यामुळे त्याचा हॉर्न साधारण १७-१८ अंशांच्या टप्प्यांनीच सरकतो, आणि मधली तफावत प्रोग्रॅममध्ये भरून काढावी लागते. चिमटा मिटल्यावर सर्व्हो गूं असा आवाज करत राहिला, तर आज्ञा आणि प्रत्यक्ष जागा यांत अंतर आहे आणि तो वस्तूला नव्हे तर स्वतःला दाबतो आहे. मिटण्याचा कोन दोन-दोन अंशांनी मागे घेत आवाज थांबेपर्यंत यावे आणि चिमट्याच्या जबड्यांना फोमचा तुकडा चिकटवावा. सर्व्होवर बोट ठेववत नसेल इतका तो तापला असेल तर वीज काढून घ्यावी आणि तो गार होईपर्यंत तपासणी थांबवावी.

कधी चालतो, कधी नाही

सर्वांत त्रासदायक दोष हा. हात खाली असताना सगळे ठीक आणि ठरावीक उंचीला गेला की चिमटा मेलेला, असे होत असेल तर चिमट्याच्या वायरी सांध्यापाशी ताणल्या जात आहेत. हात हाताने धरून हळूहळू फिरवावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने प्रत्येक वायर मुळापाशी अलगद हलवावी. ज्या वायरीला हात लावताच सर्व्हो दचकतो, ती वायर सापडली. बाहेरून वेष्टन अखंड असले तरी आतले तांब्याचे केस तुटलेले असू शकतात, विशेषतः जंपर वायरीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या आत. अशी वायर परत डब्यात टाकू नये, दोन तुकडे करूनच कचऱ्यात टाकावी, नाहीतर पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती तीच येते. नवी वायर लावताना सांध्यापाशी अंगठ्याएवढा सैल वेढा सोडावा आणि वायर सांध्याच्या दोन्ही बाजूंना बांधावी, म्हणजे ताण वायरीवर न येता गाठीवर येतो.

दुरुस्ती झाली असे वाटले की प्रत्येक बटण लागोपाठ ५० वेळा दाबावे, एकाने दाबावे आणि दुसऱ्याने मोजावे, आणि वजन उचललेल्या स्थितीत हात दोन मिनिटे धरून ठेवावा. सेटअपमधला तो दिवा तसाच राहू द्यावा. या सगळ्यात तो एकदाही लुकलुकला, तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे.